रेणापूरच्या तुडतुड्याचं पोट

अण्णा,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. तुम्हाला जाऊन महिना झाला. काल आईची पेटी उघडली आणि मी तिथं लपवलेला डबा निघाला, म्हणून हे पत्र. तुम्ही जिवंत असताना सांगायची माझी छाती झाली नाही.

आठवतं? लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि प्यायला पाणी नव्हतं. तुम्ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचात आणि सुट्टीच्या दिवशी जाळं घेऊन तुडतुडे धरत फिरायचात. रेणापुरात टँकरच्या तोटीखाली वीतभर गवत हिरवं राहिलं होतं. बायकांच्या घागरींमधून तुम्ही जाळं फिरवलंत. एक म्हातारी ओरडली, “मास्तर, हितं नरड्याला पाणी न्हाई आन् तुम्ही किडे धरून राहिलात?” तुम्ही तिची भरली घागर लाथेनं उडवलीत. दुष्काळात, अण्णा!

त्या गवतातच तो सापडला. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, डोक्यावर दोन काळे ठिपके. ही जात कुणालाच माहीत नाही, असं कॉलेजभर सांगून आलात. नावही ठरवलंत, नव्या जिल्ह्याचं.

पण तुडतुड्याची जात वरून ठरत नाही, हे तुम्हीच मला फूटपट्टीनं शिकवलंत. मागच्या नडगीवर काट्यांच्या रांगा दिसल्या की कूळ कळतं. जात कळते ती नराच्या पोटाच्या टोकाला, जननांगाच्या आकारावरून. पोट सुईनं तोडायचं, कॉस्टिकच्या पाण्यात उकळून मऊ करायचं, पाहून झालं की इवल्या नळीत घालून त्याच किड्याच्या टाचणीला लावायचं. मी दहावीत होते. चुकले की बोटांवर पट्टी. “हात हायेत का खुरपं?”

त्या दिवशी टेबलावर काचेच्या दोन वाट्या होत्या. एकीत रेणापूरच्याचं पोट, दुसरीत तुलनेसाठी बिलोलीहून आणलेल्या नेहमीच्या जातीचं. मी सुई उलटी धरली म्हणून तुम्ही मागून कानाखाली वाजवलीत. दोन्ही वाट्या उपड्या झाल्या. तुम्ही रागारागानं बाहेर गेलात, तेवढ्यात मी दोन्ही पोटं वेचली आणि अंदाजानं एकेका वाटीत टाकली. नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसत होती हो! सांगितलं असतं तर तुम्ही मला जिवंत ठेवलं असतं?

तुम्ही सूक्ष्मदर्शकातून पाहिलंत आणि पांढरे पडलात. रेणापूरच्या वाटीत नेहमीचीच जात! दुसरी वाटी तर पाहिलीसुद्धा नाहीत. दोन्ही पोटं मीच नळ्यांत भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कुणीतरी हसलं असणार. घरी येऊन तुम्ही किड्यांच्या पेट्या एकेक करून भिंतीवर आपटल्यात. आई मध्ये पडली. “लेकराला लागंल, काचा हायेत!” एवढंच ती म्हणाली. तुम्ही तिचं मनगट पिरगाळलंत. हाड मोडल्याचा तो आवाज मी विसरलेली नाही. ते दोन किडे मी नळ्यांसकट डब्यात घालून आईच्या पेटीत लपवले.

हात वाकडाच जुळला. मरेपर्यंत आई डाव्या हातानं भाकरी थापत राहिली.

पुढं मीही हाच विषय शिकवला. सूक्ष्मदर्शक रोज हाताशी होता, तरी डबा उघडला नाही. पोटं उलटापालट झालेली निघाली तर? मग आईचा हात मीच मोडला असं झालं असतं ना?

काल पाहिलं. बिलोलीच्या नळीत जे आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही. टोकाला दुभंगलेलं, बाजूला आकडी. म्हणजे तेच रेणापूरच्याचं. तुम्ही बरोबर होतात, अण्णा. स्वतःला चुकीचं समजतच मेलात. मी खूप रडले. मग इतका संताप आला की तुमचा फोटो भिंतीवरून काढून पालथा टाकला. पोटं मी बदलली. हात तुम्ही मोडलात. तुमचा गुन्हा मी इतकी वर्षं माझ्या डोक्यावर वाहिला, आता नाही.

मीच घोळ घातलेल्या एका नमुन्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पाऊस झाला की जाळं घेऊन रेणापूरला जाईन. दुसरा नर मिळेपर्यंत जात राहीन. टाचणीवरच्या जुन्या चिठ्ठीवर पकडणारा म्हणून तुमचं नाव आहे, ते राहू दे. पण जातीला नाव जिल्ह्याचं नाही देणार आणि तुमचंही नाही. आईचं देणार, गयाबाईचं. हा किडा ज्याला ज्याला ओळखायचा असेल त्याला तिचं नाव घ्यावं लागेल. तुम्ही तिला जन्मभर ‘ए’ म्हणूनच हाक मारलीत.

कानाखाली खाल्लेली तुमची लेक,
सुमन