नदीवरचं ऊन

३ मार्च, मंगळवार

सकाळी ११ वाजून २० मिनिटं. कलासंग्रहालय, पहिला मजला. माझ्या धाकट्या बहिणीनं काढलेल्या नदीवर ऊन पडलं होतं. चित्रातलं नव्हे — समोरच्या खिडकीतलं, खरं, रखरखीत! जलरंगातलं चित्र आणि खिडकीला पडदा नाही! आकाशाचा निळा पार फिका पडलाय. आम्ही चित्र यांच्या हवाली केलं ते काय वाळत घालायला?

छत्री उघडली आणि चित्रापुढे धरून उभी राहिले. पहारेकरी धावला. "आजी, छत्री मिटा!"

"आधी तुमची खिडकी मिटा."

मग विभागप्रमुख आले, लग्नाला निघाल्यासारखे नटून. "मॅडम, उजेडात चित्र खुलतं."

खुलतं? विटतंय ते! कॉन्व्हेंटमध्ये मदरनी आवाज चढवू दिला नाही कधी. सगळी कसर आज भरून काढली.

५ मार्च

धाकटी फोनवर पोट धरून हसली. "ताई, छत्री घेऊन भांडलीस?" एकोणीसला येतेय. "एकदा बघायचंय गं ते चित्र." डोळ्यांचं विचारलं तर, "चाललंय." एवढंच.

९ मार्च

जिंकले! चित्र उतरवलं.

१० मार्च

कसलं जिंकले! विभागप्रमुखांचा फोन. आवाज साखरेत घोळलेला. "तुमच्या तक्रारीची दखल घेतली, मॅडम. फार उजेड लागलेलं चित्र पाच वर्षं पेटीत, अंधारात ठेवतो आम्ही. नियमच आहे."

पाच वर्षं! आणि धाकटी येतेय एकोणीसला.

"जिनं काढलं तिला तरी दाखवाल?"

"पेटीच्या खोलीत, मंद दिव्यात. थोडा वेळ."

सूड उगवतोय मेला. पण म्हटलं, ठीक. गिळला राग.

१२ मार्च

भाच्याचा फोन. "मावशी, आई तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. डॉक्टरांनी हात टेकलेत. फार तर महिना-दोन महिने दिसेल. आत्ताच दिव्याच्या उजेडात तिला समोरचं ताट दिसत नाही. भर उन्हात धरलं तरच रंग कळतात."

फोन ठेवला. कागद-पेन घेतलं.

१३ मार्च

विभागप्रमुखांना पत्र स्वतः नेऊन दिलं. पोच घेतली. मजकूर असा — एकोणीस तारखेला सकाळी अकरा वाजता चित्र त्याच भिंतीवर, त्याच खिडकीसमोर लावावं. पडदा नको. निळा उडाला तर उडू दे. लेखी उत्तर सतरा तारखेला दुपारी बाराच्या आत हवं.