पाण्याची पिशवी

नौपाडा, ठाणे
ता. १४ नोव्हेंबर १८९४

तीर्थस्वरूप गोपीनाथदादा यांस,

नमस्कार रीतीप्रमाणे घ्यावा. इकडे सासूबाई बऱ्या आहेत, भात कापून झाला. कमळावहिनींचे गुडघे कसे आहेत?

मी बरी झाल्याचं कळून तुम्ही पत्र धाडलंत, आजार काय होता तेही विचारलंत. जठराच्या मागे एक ग्रंथी असते म्हणे. तिला पाण्याची पिशवी धरली होती. जिवावरची गाठ नव्हे, पण फार क्वचित होणारी. मुंबईच्या डॉक्टरांनाही आधी यकृताचं दुखणं वाटलं. मग सुई घालून तपकिरी पाणी काढलं, त्यात उकडलेल्या अंड्याचं पांढरं विरघळलं, तेव्हा त्यांची खात्री पटली; त्या ग्रंथीचा रसच तसं अन्न पचवतो म्हणे. पोट चिरून पिशवीची कड कातडीला शिवली, रबराची नळी ठेवली. पाणी झिरपे तिथली कातडी सोलून निघे. आता जखम भरली आहे.

तुमच्या सखुबाई सुइणीला मात्र हात लावताच कळलं होतं. "वर धरलाय, मुलगाच." विधवेचं पोट वाढलं, मग दुसरं काय असणार! मी दर महिन्याला बाहेर बसत होते, हे वहिनींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, ढोंग करते.

काढा त्यांनी उकळला, पण वाटी तुम्ही माझ्या तोंडाला लावलीत, दादा. रक्त ओकले मी. पडायला मूल होतं कुठे? मग गाडीत घालून सासरी धाडलंत, ज्यांची सून त्यांनी निस्तरावं म्हणून. ज्या सासूला मी जन्मभर कजाग म्हटलं, तिने एवढंच विचारलं, "दुखतं कुठे, गं?" आणि तीच मला मुंबईला घेऊन गेली.

आता लिहिता, कल्याणला ये, पण आजाराचं बोलू नकोस, काशीला गेले होते म्हण. वा रे वा! अब्रू गेली ती चव्हाट्यावर, आणि परत यायची ती परसदारानं?

मी येणार नाही. माझी लक्ष्मी तेवढी तुमच्याकडे राहिली आहे. आई पटकीने गेली, असं तुम्ही त्या पोरीला सांगितलंत. गाडीवान विश्रामकडून कळलं. ती अजून मला मेलेली समजते.

सोमवारी सासूबाई तिला न्यायला येतील. त्याआधी तिला समोर बसवा आणि आपल्या तोंडाने सांगा, की तुझी आई जिवंत आहे, मामा खोटं बोलला. वहिनींकडून सांगवू नका. यापुढे तुमच्याकडे मागायला कोणी बहीण येणार नाही.

लक्ष्मीची आई,
आवडा