उत्तरेकडचं दुसरं डेंटल कॉलेज

८ जानेवारी
राज्यात आणखी एक डेंटल कॉलेज काढावं की नाही, हे ठरवायला समिती नेमली आहे. सकाळी पेपरात वाचलं आणि टोस्ट हातातच राहिला. काढावंच! आणि इथे काढावं, उत्तरेत, आमच्या टॅमरॅकमध्ये. आहे ते एकुलतं एक कॉलेज दक्षिणेला, मोठ्या शहरात. पोरं तिथे शिकतात, तिथेच लग्नं करतात आणि तिथल्याच श्रीमंतांचे दात पांढरे करत बसतात. इकडे अख्ख्या काउंटीत दातांचा डॉक्टर एकच. मी.
कॉलेज आलं की डीन आला. अनुभवी माणूस लागणार. मी कुणाचं नाव घेत नाही.
संकल्प: समितीपुढे भाषण करायचं. रोज तयारी. चिडायचं नाही.

११ जानेवारी
समितीने भाषणाला बोलावलं. मार्लिसला सांगितलं. बायको म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. तर म्हणाली, "बोलावलंय, की तूच वेबसाइटवर नाव घातलंस?" अर्थ एकच. वेळ तीन मिनिटं. मुद्दे आहेत तर वेळ नाही. चणे आहेत तर दात नाहीत, तसली गत.
चिडलो नाही. फक्त दार जरा जोरात लागलं.

१७ जानेवारी
भाषण उभ्याने सुचतं. बसलं की पाय हलायला लागतात. म्हणून दुपारी क्लिनिक बंद ठेवून तळ्याकाठी फेऱ्या मारल्या. रिसेप्शनवरच्या जोलीनने आधी तोंड वाकडं केलं. म्हणाली, "डॉक्टर, ड्युएन हॅल्वर्सनची दाढ आहे आज. रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी सोडून येतोय बिचारा." म्हटलं, भाषणानंतरची तारीख दे. एका माणसाची दाढ कुठे आणि अख्ख्या राज्याचा जबडा कुठे! ती म्हणाली, "पण दुखतेय ती ड्युएनची."
ड्युएनला मी स्वतः फोन केला. "चालेल डॉक्टर," म्हणाला. भला माणूस. मागून त्याची बायको काहीतरी ओरडली, पण ते मला उद्देशून नसावं.

२३ जानेवारी
इमारत सापडली! हायवेवरचं बंद पडलेलं फर्निचरचं शोरूम. छत उंच, पार्किंग भरपूर. मालक मायलो ह्रुस्काला गाठलं. म्हटलं, इथे विद्यार्थी येतील. तो म्हणाला, "विद्यार्थ्यांच्या बोटी किती फुटी?" हिवाळ्यात तो आत लोकांच्या बोटी ठेवतो. म्हटलं, बोटी नाहीत, विद्यार्थी. तो म्हणाला, "आत हीटर नाही डॉक्टर. बोटींना चालतं. पोरं कुडकुडून मरतील."
तत्त्वतः होकार आहे.

५ फेब्रुवारी
जोलीनने माझ्या नकळत जाहिरात दिली होती म्हणे, मदतीला डॉक्टर हवा म्हणून. आज एक मुलगी मुलाखतीला आली. डॉ. पा न्हिया वांग. नुकतीच पास झालेली. दक्षिणेहून सहा तास गाडी हाकत बर्फातून आली. मी तिला कॉलेजचा आराखडा दाखवला आणि विचारलं, लेक्चरर म्हणून यायला आवडेल का?
ती म्हणाली, "सर, मला तुमच्या हाताखाली काम करायचंय. पुढेमागे तुम्ही दमलात तर क्लिनिकही घेईन. माझे आईवडील अशाच गावात राहतात, दात दुखला की चार गावं ओलांडतात."
मी म्हटलं, आधी कॉलेज होऊ दे, मग बघू. कॉलेजशिवायच दुसरा डॉक्टर मिळतो असं दिसलं, तर माझ्या मुद्द्याचं काय होईल? नाही, उलट... असो. मुलगी हुशार आहे, पण दूरदृष्टी कमी.
ती गेल्यावर जोलीनने तिचा नंबर आपल्या वहीत लिहून ठेवला.

९ फेब्रुवारी
चर्चमध्ये शुक्रवारचं माशांचं जेवण. तिथे कळलं, ड्युएनने गॅरेजमध्ये पक्कड घेऊन स्वतःची दाढ स्वतःच उपटली. भयंकर! समितीपुढे मांडायला याहून जिवंत उदाहरण मिळायचं नाही. कागदी रुमालावर लगेच टिपून घेतलं. मार्लिसने रुमाल ओढून घेतला आणि त्याला हात पुसले. "लाज नाही वाटत हे लिहायला?" म्हणाली, "तो तुझाच पेशंट आहे ना रे?"

१२ फेब्रुवारी
ड्युएन हॉस्पिटलमध्ये. मूळ आतच तुटून राहिलं, पू झाला, गळ्यापर्यंत सूज. दोन तास गाडी चालवून बघायला गेलो. चेहरा ओळखू येईना. त्याची बायको कार्लीन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, माझ्याकडे वळलीच नाही. ड्युएन जेमतेम ओठ हलवत म्हणाला, "डॉक्टर, चूक माझीच. घाई केली मी."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परतताना रेडिओ लावला नाही. भाषणही म्हटलं नाही.

१३ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. दोष माझा नाही, व्यवस्थेचा आहे. भाषणाला आता धार आली आहे.

२० फेब्रुवारी
राजधानी. भाषण झालं. प्रस्तावनेतच तीन मिनिटं संपली, हा समितीचा दोष. ड्युएनपर्यंत पोचलोच नाही. खरं सांगायचं तर त्यामुळे सुटल्यासारखं वाटलं. का, ते कळलं नाही.
अध्यक्षबाई सिनेटर ओबरहाउझर. शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्याशिवाय काउंटीत कुणी नाही म्हणता. मग आज तुमच्या क्लिनिकमध्ये कोण आहे?"
म्हटलं, बंद आहे. मी इथे आहे ना.
सगळा हॉल हसला. श्रोत्यांशी नातं जुळलं.
मग त्यांनी विचारलं, "नवीन डॉक्टर कधी कुणी आलंच नाही तुमच्याकडे?" खोटं बोलायची सवय नाही. म्हटलं, एक आली होती. "मग?" मग प्रश्नांची वेळ संपल्याची घंटा वाजली. घंटेचे उपकार.

१५ मार्च
निकाल नाही. पोस्टमन दिसला की उठतो. फोन वाजला की उठतो. आज फ्रिज गुरगुरला तरी उठलो. मार्लिस म्हणाली, "बस की जरा! खुर्चीला काटे आहेत का?" डीन झाल्यावर कुठला कोट घालायचा ते ठरत नाही. तपकिरी प्राध्यापकी वाटतो, पण बटण लागत नाही. वजन कमी करायचं, उद्यापासून.

२ एप्रिल
निकाल लागला. नवं कॉलेज नको. कॉलेज उभं राहायला वर्षं जातील आणि त्यातली पोरंही शेवटी दक्षिणेलाच पळतील, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी जे तरुण डॉक्टर लहान गावात जाऊन राहतील, त्यांचं शिक्षणाचं कर्ज राज्य फेडणार. अहवालात एक वाक्य आहे: "काही ठिकाणी डॉक्टर यायला तयार असतात, पण त्यांना घेतलं जात नाही."
कुठलं गाव मनात असेल, कोण जाणे.
संकल्प: अपील. जोलीन म्हणाली, अपील नसतं याला.

२९ एप्रिल
डॉ. वांगने शेजारच्या बर्च पॉइंटमध्ये, जुन्या बँकेच्या इमारतीत क्लिनिक उघडलं. राज्याच्या योजनेतली पहिलीच डॉक्टर. जोलीन तिकडे गेली. निघताना मला मिठी मारली, डोळे पुसले आणि माझा स्टेपलरही घेऊन गेली. लोक नव्याची नवलाई म्हणून तिकडे जातात, परत येतील.

१६ मे
अजून आले नाहीत. आज मार्लिस दात साफ करून आली. कुठून, ते मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "मुलीचा हात फार हलका आहे रे."

४ जून, सकाळी
डॉ. वांगचा फोन! म्हणाली, "सर, आज जरा येता का? फार अडचण आहे." शेवटी अनुभवाची गरज पडली. अवघड केस असणार. तपकिरी कोट घातला. बटण सोडून दिलं.

४ जून, संध्याकाळी
बाहेर बाकावर ड्युएन, कार्लीन आणि आणखी सात-आठ जण. सगळे माझे. ड्युएन सरकून म्हणाला, "बसा डॉक्टर. रांग लांब आहे, पण बाई बघतात सगळ्यांना." कार्लीनने मान हलवली. रागाने नव्हे, नुसतीच.
आत केस अवघड नव्हती. वांगची मदतनीस तापाने घरी होती, जोलीन फोन आणि रांग सांभाळत होती आणि सात वर्षांच्या एका मुलीची दुधाची दाढ काढायची होती. वांग म्हणाली, "सर, तेवढी थुंकी ओढायची नळी धराल? तुम्हाला सांगायला संकोच वाटतोय, पण दुसरं कुणी नाहीये."
पोरीने माझ्याकडे वर बघितलं. "आजोबा, तुम्ही पण डॉक्टर आहात?"
सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण तिचं तोंड उघडं होतं आणि लाळ गळत होती.
मी नळी धरली.