सतरा नंबरचा पिंजरा

अण्णा, गेल्या मंगळवारी दुपारी मी तुमच्या प्राणिगृहात जाऊन आलो. तुम्ही गेल्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्या इमारतीला नव्या फरश्या आणि नवे दिवे मिळाले. सशांची खोली मात्र तीच आहे आणि तिच्यातली शांतताही तीच. त्या संस्थेच्या प्राणी-नीती समितीवर मी आता बाहेरचा सदस्य आहे. शास्त्रज्ञ नसलेला एक तरी माणूस समितीवर असावा लागतो. इथल्या हिंदी मुलखात, मानक नगरच्या रेल्वे कार्यालयात मी तीस वर्षे राजभाषा अधिकारी होतो. निर्दोष लिहिणारा माणूस अशी माझी ख्याती आहे आणि ती मी कधी नाकारली नाही.

प्रश्न तुमच्याच सशांचा आहे. सलाइनच्या बाटलीने रुग्णाला ताप येईल का, हे आधी सशाच्या कानातल्या शिरेला विचारायचे आणि तीन तास त्याचे तापमान पाहत बसायचे, ही तुमची नोकरी. आता तीच तपासणी माणसाच्या थोड्याशा रक्तावर, काचेच्या नळीत करता येते. म्हणून खोली ठेवावी की बंद करावी, यावर समितीत मते समसमान पडली आहेत आणि माझे एक उरले आहे. निवडणूक जवळ आल्यामुळे गोष्ट खोलीपुरती राहिलेली नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की करुणा ही आपली परंपरा आहे, मुक्या जीवांवरचे प्रयोग थांबलेच पाहिजेत. त्याच पक्षाची व्यापारी शाखा मात्र, देशी औषधे चाचणीवाचून अडू नयेत, असे हळूच सांगते. दुसरा पक्ष म्हणतो, ही पोट भरलेल्यांची दया आहे. नवी पद्धत जमेपर्यंत सरकारी इस्पितळातल्या गरिबाच्या शिरेत कच्ची, न तपासलेली बाटली जाईल, त्याचे काय? दोघांचीही निवेदने भाषा तपासण्यासाठी तेलीबागला माझ्या घरीच आली. "चाचाजी, बस भाषा देख लीजिए, मतलब मत छेड़िएगा," असे दोघांनीही बजावले. तुमची पणती, जिला मराठी कळते पण बोलायची वेळ आली की हिंदी सुचते, दोन्ही कागद पाहून म्हणाली, "आजोबा, दोनों तरफ़ से आप ही लिख रहे हैं? अच्छा है, बहस भी अपने आप से कर लीजिए." मी हसलो नाही. दोन्ही निवेदने मला पटत होती, हे तिला कसे सांगणार?

पाहणीला माझ्यासोबत तिथल्या तरुण पशुवैद्य बाई होत्या. एक ते चोवीस अशा पाट्या लावलेले पिंजरे भिंतीशी रांगेत आहेत, यादीत ससे तेवीस. सतरावा पिंजरा रिकामा होता, पण धुतलेला, कडी लावलेला, आणि पाण्याची बाटली अर्धी. मी कारण विचारले तेव्हा तिथला पन्नाशीचा सेवक म्हणाला, "यह नंबर हम लोग किसी को देते नहीं, साहब. मुझसे पहले वाले भी नहीं देते थे."

"फिर पानी किसके लिए?"

"भरना पड़ता है. सुबह तक ख़तम हो जाता है न."

बाई घाईघाईने म्हणाल्या की बाटली गळत असेल. मी खालच्या ट्रेवर बोट फिरवले. ट्रे कोरडा होता. त्यांनी यादीवर खूण केली आणि त्या पुढे गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. सोळा आणि अठरा या दोन्ही पिंजऱ्यांतले ससे सतराच्या बाजूच्या जाळीला पाठ टेकून बसले होते, थंडीत कोणी कोणाच्या उबेला बसावे तसे. खोलीत अजिबात आवाज नव्हता. मला तो आकडा ओळखीचा होता, अण्णा. इतर कोणालाही नसेल.

तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता ते वर्ष. मी अठ्ठावीस वर्षांचा, नोकरीत कायम झालेला. तुमच्या नोंदवहीची स्वच्छ प्रत वर्षाअखेर कार्यालयात द्यायची असे, आणि तुमचे अक्षर कोणाला लागेना, म्हणून ती मी करीत असे. स्वयंपाकघरातले टेबल, आई वाटाणे सोलते आहे, तुम्ही डोळे मिटून पाठ म्हणता आहात: पंधरा, सोळा, सतरा मृत, अठरा. मी लिहितो आहे. ताप तपासण्याच्या कामातून निवृत्त झालेले ससे वरच्या मजल्यावर दुसऱ्या प्रयोगाला जात, आणि वरून कोणी परत येत नसे. सतरा नंबरची पाळी जवळ आली होती. तो मेलेला नव्हता. तुम्ही झोपायला गेल्यावर मी 'मृत' हा शब्द गाळला आणि बेरीज तेवीसऐवजी चोवीस केली. शुक्रवारी त्याला वर नेले.

त्या संध्याकाळी तुम्ही मोरीत बराच वेळ हात धूत राहिलात. मग हात न पुसताच आत आलात.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"मला वाटलं, डोळ्यांमुळे तुमची चूक झाली."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मग म्हणालात, "झाली असेल."

एवढेच. त्यानंतरही तुम्ही त्या कामाला वाईट म्हणाला नाहीत. आईला कॉलरा झाला होता तेव्हा ती त्याच बाटल्यांवर उठून बसली, हे तुम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगत असा. तुमची बाजू कोणती, हे मला कधी कळले नाही. आज ज्यांना त्यांची बाजू अगदी नेमकी ठाऊक आहे, त्यांचे कागद मी दुरुस्त करून परत पाठवले. मतलब छेडला नाही.

माझे मत काल लिहून दिले: खोली बंद करावी, तेवीसही सशांना वर न पाठवता सांभाळायला द्यावे. कारण म्हणून काचेच्या नळीचे नाव घातले. ते कारण खरे आहे, पण माझे नाही. खोलीला कुलूप लागल्यावर सतरामध्ये पाणी कोण भरील, हे समितीला विचारण्याचे मला धैर्य झाले नाही. हे पत्रही कोणाला दाखवायचे नाही. वाचून झाले की फाडीन.

तुमची चूक झाली असे मला कधीच वाटले नव्हते, अण्णा. त्या शुक्रवारच्या आदल्या रविवारी तुमचा डबा घेऊन मी प्राणिगृहात आलो होतो आणि दारातच थांबलो होतो. तुम्ही सतराला मांडीवर घेऊन सांगत होता, "आता तू कागदावर नाहीस, घाबरू नकोस." ते मी ऐकले होते. ऐकूनच चोवीस लिहिले.