उरलेला पट्टा

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.
ठरलं. पुढच्या महिन्यात लेक पुन्हा ऑफिसला जाणार आणि मुंगी बालवाडीत. (नातीला मुंगी हे नाव मीच ठेवलं. वय अडीच. साखरेचा डबा कुठेही लपवा, शोधते.) बालवाडी पार दुसऱ्या टोकाला. लेक फोनवर म्हणाली, व्हॅन लावावी लागेल. मी म्हटलं, व्हॅन कशाला, मी आहे ना. गाडी आहे. वेळ तर आहेच आहे.
पलीकडून काही आवाज आला नाही. रेंज गेली असावी.
संकल्प: मुंगीला रोज मीच नेणार, मीच आणणार.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
रेंज गेली नव्हती. लेकीने नंतर तिच्या आईला वेगळा फोन केला. दोन अटी घातल्या आहेत. एक, गाडीत मागे चाइल्ड सीट हवी, नीट बसवलेली. दोन, बाबांनी स्वतः बेल्ट लावायचा. पंधरा तारखेला, रविवारी, ती स्वतः येऊन बघणार. पास झालो तर मुंगी माझ्या गाडीत, नाहीतर व्हॅनमध्ये.
पास! मला! इतकी वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही. गेटचा खांब मी धरत नाही. तो मुळातच पुढे आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार
बेल्टला माझा विरोध आहे असा एक गैरसमज घरात पसरलेला दिसतो. मी बेल्ट लावतोच. पाठीमागून. बकलमध्ये अडकवलेला असतो, मी त्याच्या पुढ्यात बसतो. गाडी ओरडत नाही, तिचं समाधान होतं, आणि माझं पोट मोकळं राहतं. ही युक्ती वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांची. ते म्हणतात, गावातल्या गावात वेग तो किती, बेल्ट हायवेसाठी. कायदा जाणणारा माणूस आहे, उगाच बोलणार नाही.
बायको हल्ली सकाळी सकाळी कसल्याशा क्लासला जाते. योगा असणार. बूट घालून जाते. बूट घालून कसला योगा, पण आपण कशाला विचारायचं. तेवढा वेळ पेपर शांतपणे वाचता येतो.

५ सप्टेंबर, गुरुवार
चाइल्ड सीट आणली. निळी. दुकानदार बसवून दाखवतो म्हणाला. त्याला मध्येच थांबवलं. बाबा रे, उभं आयुष्य पंपांच्या कारखान्यात जुळणी विभागात काढलं, तिथला सुपरवायझर होतो. मला तू पट्टे शिकवणार?
सोबत एक जाडजूड माहितीपुस्तिका आहे. उपयोगी पडली. जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली बरोबर बसली.

८ सप्टेंबर, रविवार
सीट बसवायला घेतली. मागच्या सीटला बकलच नाही! कंपनी विसरली की काय? शोधशोध शोधलं. मग आठवलं. आपण खास शिवून घेतलेली मरून मखमली कव्हरं. बकलं मधेच डोकं वर काढायची, शोभा जायची, म्हणून मीच ती कव्हराखाली दाबून टाकली होती.
मन घट्ट केलं आणि एका बाजूचं कव्हर ब्लेडने कापलं. दुसऱ्या बाजूला हात लावला नाही. तिथे कोण बसतंय?
तासाभरात सीट बसली. थोडी हलते. पाळणाही हलतोच की. त्याची कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार
सीटच्या पाठीला वरच्या बाजूने एक पट्टा लोंबतोय. टोकाला हुक. कुठेच जात नाही. विनाकारण लोंबणाऱ्या वस्तूंचा मला मनापासून राग आहे.
कारखान्यात मी पोरांना सांगायचो, जुळणी झाल्यावर हातात काही उरलं, तर समजा चुकलात. पण ते नटाबोल्टांचं. हा पट्टा आहे. सीट उचलून न्यायला दिला असणार. बायकोच्या शिवणाच्या कात्रीने कापला (कात्रीची धार थोडी गेली, जागेवर ठेवली, बोलायचं नाही), टोक मेणबत्तीवर भाजून घेतलं म्हणजे धागे सुटत नाहीत. पट्टा दणकट निघाला. माळ्यावरच्या मोडक्या सुटकेसला बांधला. सुटकेस प्रथमच बंद राहिली. कंपनीने असे दोन द्यायला हवे होते.
आज बायकोने अचानक विचारलं, चौकात गोल सर्कल असलं की आधी कोणी जायचं. मी अर्धा तास समजावलं, वाट्या-चमचे मांडून. तिने लिहून घेतलं. इतक्या वर्षांनी माझ्या बोलण्यात तिला रस वाटू लागलाय. बरं वाटलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. दुपार.
परवा लेक येणार, म्हणून रंगीत तालीम. मुंगीच्या जागी लाल भोपळा ठेवला. मुंगी मागे विसरून गेली होती ती लोकरीची टोपी त्याला घातली. मार्करने डोळे, नाक काढलं. हसरा केला. सीटचे खांद्यावरचे पट्टे लावले, सैलसर, काचायला नकोत.
गोदामांच्या मागचा रस्ता. रिकामा. वेग म्हणजे सायकलवाला पुढे जाईल इतका. एक कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला.
सीट नमस्कार केल्यासारखी पुढे वाकली. भोपळा पट्ट्यांतून निसटला, दोन सीटच्या मधून पुढे आला, डॅशबोर्डवर आपटला आणि दोन तुकडे होऊन माझ्या पायांशी पडला. मी स्टिअरिंगवर, आणि कपाळ आरशावर. कुत्रं निघून गेलं.
टोपी गिअरपाशी पडली होती. उचलली. आत भोपळ्याचा गर लागला होता. तो पुसत बसलो बराच वेळ. लोकरीवर डाग राहतो म्हणून.
नाही. घाबरलो होतो मी. खूप घाबरलो.

संध्याकाळ.
आता शांतपणे विचार केल्यावर लक्षात येतं, भोपळ्याला खांदे नसतात. खांदे नसलेल्यावर घेतलेली चाचणी शास्त्रीय म्हणता येणार नाही.
कपाळावर टेंगूळ. बायकोला सांगितलं, कपाटाचं दार लागलं. तिने बर्फ लावला. मग म्हणाली, कपाटात भोपळा होता का? कॉलरमध्ये बिया आहेत.

१४ सप्टेंबर, शनिवार
टेबलाखालची पुस्तिका काढली. टेबल पुन्हा डुगडुगतंय. वाचली. आधी चित्रं, मग सगळी.
बाविसाव्या पानावर तो पट्टा. सीटच्या डोक्यामागून नेऊन गाडीच्या सीटमागच्या कडीत हुक अडकवायचा. त्याच्याविना ब्रेक लागला की सीट पुढे झुकते, मुलाचं डोकं पुढे जाऊन आदळू शकतं. ठळक अक्षरांत. शिवाय, सीटवर गुडघा दाबून गाडीचा पट्टा ओढायचा, इतका की पट्टा जातो तिथे सीट बोटभरसुद्धा हलता कामा नये. खांद्यावरचे पट्टे असे की चिमटीत कापड येता कामा नये. सैलसर हा शब्द सबंध पुस्तिकेत कुठेही नाही.
माळ्यावर चढलो. सुटकेसचा पट्टा सोडला. सुटकेस उघडली आणि तिच्यातलं सगळं अंगावर आलं.
पण खचून जाणाऱ्यांतला मी नाही. जाड सुई, दुहेरी दोरा, वर गोंद. कापलेला पट्टा जागच्या जागी शिवला. कंपनीच्या शिलाईपेक्षा माझी उजवी. झाकली मूठ सव्वा लाखाची. हुकही कडीत अडकवलाय. लेकीला कळायचं काही कारणच नाही.

१५ सप्टेंबर, रविवार
लेक, जावई आणि मुंगी आले. लेकीने चपला काढायच्या आधी गाडी बघितली. बाकी काही नाही, सरळ तो वरचा पट्टा धरला आणि हिसका दिला. तो तिच्या हातात आला. तिने शिलाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, आजकाल कंपन्या दोरा फार हलका वापरतात.
ती गाडी सावलीत घ्यायला म्हणून पुढे बसली. बेल्ट आधीच लावलेला. तिने विचारलं, इथे आधीच कोणी बसलंय का? मी वकीलसाहेबांचं मत सांगितलं. जावई आकाशाकडे बघायला लागला. चांगला माणूस आहे तो, सासऱ्याची फजिती बघत नाही. तेवढ्यात मुंगीने मागच्या सीटखालून भोपळ्याची बी काढून आणली आणि सगळ्यांना दाखवली. पुढचं बायकोने सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं, कुत्र्यासकट. हे कुत्रं तिला कोणी सांगितलं, कळत नाही.
यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.
मला वाटलं लेक चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तरं तयार होती. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुमचा जीव आहे तिच्यावर, मला माहीत आहे. पण ब्रेक लागल्यावर तुम्ही तिला धरू शकणार नाही. आणि तुम्हाला कोण धरणार?"

पट्टा एकदा कापला की सीट बाद. लेकीने उरलेले पट्टेही कापले, म्हणजे कचऱ्यातून उचलून कोणी वापरायला नको. या वेळी कात्री बायकोने स्वतः दिली. धार गेली म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
रविवारपासून मी अबोला धरला आहे. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.
खरं काय ते इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. निवृत्त झाल्यापासून माझी कोणी कुठे वाट बघत नाही. कारखान्यात उशीर झाला तर लाइन थांबायची. आता मी दुपारपर्यंत झोपलो तरी जगाचं काही अडत नाही. वाटलं होतं, बालवाडी सुटताना फाटकाशी एक जण तरी मान उंच करून बघेल, आजोबा आले का. एवढंच हवं होतं.
बायकोच्या क्लासची आज परीक्षा होती म्हणे. योगाची परीक्षा! हसत आली. मी विचारलं नाही. अबोला आहे.

२२ सप्टेंबर, रविवार
योगा नव्हता.
बायकोने गाडीचं लायसन्स आणून समोर ठेवलं. दोन महिने क्लास चालू होता. घरात मी सोडून सगळ्यांना माहीत. वकीलसाहेबांनाही.
आज मला शेजारी बसवून फिरवून आणलं. आधी आरसा. मग बेल्ट, पुढून, खांद्यावरून आणि पोटाच्या खालून, टक्. मग माझ्याकडे बघत बसली. मी लावेपर्यंत किल्ली फिरवली नाही. रिकाम्या गल्लीतसुद्धा इंडिकेटर. गोल सर्कलला माझ्या वाट्या-चमच्यांप्रमाणे अगदी बरोबर थांबली. शिकवणारा चांगला असला की असं होतं. गेटचा खांब कुठे लागला नाही. त्याबद्दल मी काही बोललो नाही.
लेकीने नवीन सीट पाठवली. बायकोने पुस्तिका मांडीवर घेऊन बसवली, गुडघा दाबून, वरच्या पट्ट्यासकट. मी टॉर्च धरला. कोणी बघत नाही असं पाहून दोन्ही हातांनी हिसका दिला. सीट हलली नाही. माझी पाठ धरली.

३० सप्टेंबर, सोमवार
लेकीचा निर्णय आला. गाडी आई चालवणार. बाबांना यायचं असेल तर येऊ देत, बेल्ट लावून.
येऊ देत! मी लगेच हो म्हटलं नाही. फोन ठेवण्याआधी म्हटलं. मागे मुंगीशेजारी बसेन, देखरेखीसाठी. माझ्या जबाबदारीचं स्वरूप बदललंय, इतकंच.

१ ऑक्टोबर, मंगळवार
पहिला दिवस. लेक ऑफिसला जाताना मुंगीला आमच्याकडे सोडून गेली. मुंगी सीटमध्ये. बायकोने खांद्यावरचे पट्टे ओढले, चिमटी घेऊन बघितली, कापड आलं नाही. पुढे बसली. टक्. मी मुंगीशेजारी ऐसपैस बसलो. मागे कोण लावतंय.
गाडी सुरू होईना. बॅटरी गेली का विचारलं. बायको आरशातून बघत होती. मुंगीही बघत होती, माझ्या पोटाकडे. मग बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, टक्."
पट्टा ओढला. बकल नाही. अर्थात नाही, या बाजूचं कव्हर मी कापलंच नव्हतं. हात घालून चाचपलं, बोटं अडकली. शेवटी घरात गेलो, कात्री आणली, शिल्लक राहिलेलं मरून कव्हर कापलं. बिनधारेच्या कात्रीने मखमल कापायला किती वेळ लागतो हे आज कळलं. दोघी शांतपणे वाट बघत होत्या.
टक्.
मुंगीला आवाज आवडला. पुन्हा करायला लावलं. पुन्हा. बालवाडीला उशीर झाला.
पट्टा पोटाला काचतो, असं वाटेत म्हटलं. बायको म्हणाली, पट्टा खाली घ्या, पोट तर तुम्हाला खाली घेता येणार नाही.
दुपारी आणायला गेलो. फाटकाच्या गजांतून मुंगी मान उंच करून बघत होती. मला काय वाटलं ते लिहीत नाही. लिहिता येत नाही.
बालवाडीच्या बाईंनी तिला विचारलं, अरे वा, आजोबा घेऊन येतात का तुला? मी जरा पुढे झालो. मुंगी म्हणाली, आजी गाडी चालवते, मी आजोबांना घेऊन येते.
बाई हसल्या. म्हणाल्या, मग उद्याही आणशील ना आजोबांना?
मुंगीने मला खालून वर नीट बघितलं. जरा विचार केला.
"टक् केलं तर," म्हणाली.