मॉरिसमधलं वारूळ

१४ जानेवारी, संक्रांत
गाडी आली. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या बंद बंगल्यातून थेट आमच्या उचगावला, ट्रकवरून. ट्रकवरून आणली ती इंजिनचा मान राखायला. चालत नाही म्हणून नव्हे. मॉरिस ट्रॅव्हलर, वय साठच्या पुढं. पुढून मोटार, आणि मागची अख्खी बॉडी खऱ्या विलायती लाकडाच्या चौकटीत. अशी गाडी बेळगाव जिल्ह्यात दुसरी नसणार.
मंगल बाहेर आली. फिरून बघितलं. म्हणाली, आवं, हे कपाट हाय का मोटार? आत गेली. बावीस वर्षं संसार करून बाईला अजून taste नाही.

२ फेब्रुवारी
ऋतिकाचं जमलं. मुलगा सौरव, निपाणीचा, बेळगावात इंजिनिअर. लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, बेळगावात, हॉलमध्ये. मी सुपारी फुटायच्या आधीच सगळ्यांसमोर जाहीर केलं की नवरी हॉलवर येणार ती मॉरिसमधून आणि सासरी जाणार तीपण मॉरिसमधून. दुसरी गाडी कुणी ठरवायची नाही. व्याही बराच वेळ हसत होते. आनंदानं.
ऋतिका नंतर म्हणाली, बाबा, गाडीचं राहू दे, तुम्ही तेवढं वेळेवर मांडवात असा. पोरगी समजूतदार आहे. मला टेन्शन येऊ नये म्हणून बोलली.

९ मार्च
Resolution: रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास गाडीसाठी. कार्बुरेटर स्वतः उघडणार. कॉलेजच्या ऑफिसात मी सुपरिंटेंडेंट आहे, सातशे पोरांच्या admission मार्गी लावतो. कार्बुरेटर काय चीज आहे.

१० मार्च
उघडला.

२३ मार्च
अजून उघडाच आहे.

६ एप्रिल
मिस्त्रीला बोलावलं. त्यानं जोडला. गाडी सुरू झाली! परसात दोन हात पुढं, दोन हात मागं. शेजारचा रवळू धावत आला. त्याला वाटलं कडबा पेटला. धूर होता थोडा. मिस्त्री म्हणाला, आण्णा, गोठ्याच्या कडेला ओल लई हाय, गाडी फरशीवर घ्या, लाकूड जाईल. मिस्त्रीनं इंजिनाचं बोलावं. लाकूड माझं department आहे.

१८ मे
लाकूड सुकून भेगा पडायला लागल्यात. इंग्लंडमधल्या एका ग्रुपवर फोटो टाकला. एकानं लिहिलं, लाकडाला तेल पाजा. करडईचं तेल पाजलं, वर रोज पाणी. मंगलनं आमटीला फोडणी दिली नाही, म्हणाली, तेल मोटारीनं खाल्लं. टोमणा मारायची संधी बाई सोडत नाही.

२२ जून
पाऊस बेफाम. लाकडावर तपकिरी मातीच्या बारीक रेघा आल्यात, वेलबुट्टीसारख्या. सुंदर. जुन्या वस्तूला असा एक texture येतोच. मंगल म्हणाली, वाळवी हाय ती. तिला समजावलं की आपली वाळवी आपलं लाकूड खाते, सागवान, फणस, आंबा. विलायती लाकडाची चव तिला कुठली माहीत असायला. मंगल म्हणाली, ती इंग्रजी शाळंत जात न्हाय खरं, पन खाती सगळंच.
घासलेट मारा, औषध मारा, असं रवळूपण म्हणतोय. औषध मारलं की originality गेली.

१३ जुलै
मागं, सामान ठेवायच्या जागेत, पत्र्याला गंजून भोक पडलं होतं. त्यातून मातीचा एक कोंब वर आलाय, मागच्या चाकांच्याही मागं. खालून जमिनीतून सरळ. गुडघ्याएवढा. पाऊस उघडला की काढून टाकणार.

२७ जुलै
कमरेएवढा. आज रविवार, काढणार होतो. अंगात कणकण होती.

२९ जुलै, नागपंचमी
आजचा दिवस सोन्यानं लिहावा. सकाळी परसात गल्लीतल्या बायका. वीसेक तरी असतील, नव्या साड्या, हातात ताटं. सगळ्या माझ्या गाडीभोवती. मी आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आलो आणि सुरुवात केली की ही मॉरिस, त्या काळातली, हे लाकूड. जयाबाई (गल्लीतली थोरली, तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही) म्हणाली, नागोजी, जरा बाजूला सर, सावली पडतीया.
बायका दरवर्षी ज्या वारुळाला जायच्या, त्या शेतात आता प्लॉट पडलेत. JCB नं वारूळ गेलं. आता गावात वारूळ उरलंय ते एकच. माझ्या डिकीत.
मागचे दोन्ही दरवाजे उघडून दूध ओतलं, लाह्या वाहिल्या, गाणी म्हटली. हळदीकुंकू बंपरलापण लागलं. असो. गाडीची कीर्ती गावभर झाली, हे महत्त्वाचं.

३ ऑगस्ट
आज वारूळ काढायला दोन गडी आणले. त्यांनी आत हळदकुंकू लागलेलं वारूळ बघितलं, टिकाव तिथंच टाकला आणि हात जोडून गेले. मंगलचा भाऊ ज्योतिबा आला होता. नेहमीप्रमाणं न बोलावता, नेहमीप्रमाणं पिशवीभर भाजी घेऊन. म्हणाला, दाजी, आता ह्येला हात लावू नका, पोरीचं लग्न हाय घरात. ह्या माणसाला mechanical ज्ञान शून्य.
मी स्वतः काढणार होतो. टिकाव हातात घेतलापण. जयाबाई कुंपणावरून बघत होती. नेमकी तेव्हाच माझी कंबर धरली.

२४ ऑगस्ट
दर सोमवारी दूध. गाडीला वास येतो. ड्रायव्हिंग सीटवर कुणीतरी नारळ ठेवला होता. मी बसल्यावर कळलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
गावातल्या सगळ्या गाड्या धुऊन, केळीचे खुंट बांधून, रस्त्यावर. माझी परसातच. पूजा मात्र तिची आज दोनदा झाली, वाहन म्हणून एकदा आणि देव म्हणून एकदा. असा मान कुठल्या गाडीला मिळाला? व्याह्यांचा फोन आला. गाडीचं काय, असं भीत भीत विचारत होते. म्हटलं, एकदम ready. फक्त दर्शनाची थोडी गर्दी आहे.

२६ ऑक्टोबर
नवा विचार. वारूळ काढायचंच कशाला? नवरी पुढं बसणार. वारूळ मागं राहील. गाडी हळू चालवली म्हणजे झालं. इतकं सोपं उत्तर इतके महिने कुणाला सुचलं नाही.
चौकटीवर बोट ठेवलं तर आत गेलं. लाकूड मऊ पडलंय. म्हणजे तेल मुरलं.

१६ नोव्हेंबर
घरात सगळे माझ्याशी फार गोड वागतायत. ज्योतिबा रोज येतो. मी गेलो की बोलणं थांबतं. Surprise चाललंय. बहुतेक मॉरिसला फुलांची जाळी.

२९ नोव्हेंबर
हळद झाली. ऋतिका परसात आली. वाटलं, गाडी बघायला. तिनं वारुळाला हळद लावली, पाया पडली. मी स्टीअरिंगवर बसून हॉर्न वाजवून दाखवला. ती जवळ आली. म्हणाली, बाबा, उद्या आमच्याबरोबरच चला ना, मामाच्या गाडीतनं. सगळे बसतोय. म्हटलं, वेडी आहेस का.
रडत आत गेली. सासरी जायचं म्हटलं की पोरींचं असंच होतं.

३० नोव्हेंबर, सकाळ
सगळे पुढं गेले. नवरीपण. ऐनवेळी पार्लर की काय निघालं. हरकत नाही, जाताना मॉरिस आहेच. फेटा बांधला. नवा कोट. अक्षता साडेबाराला, अजून भरपूर वेळ आहे. निघतो.

१ डिसेंबर
कालचं लिहायला हवं.
गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. हे नोंदवून ठेवतो. फक्त रवळू साक्षीला होता. गिअर टाकला, जरा जोर दिला, मागून पत्रा फाटल्याचा आवाज आला आणि गाडी पुढं गेली. एकदम हलकी वाटली. आंब्याच्या झाडापाशी थांबून मागं बघितलं. मागचं सगळं, लाकूड, छप्पर, दोन्ही दरवाजे, वारुळाच्या अंगावर जागच्या जागी उभं होतं. मांडवासारखं. मी चारी चाकं आणि नुसतीच पुढची मोटार घेऊन आलो होतो. रवळूनं चप्पल काढली. म्हणाला, आण्णा, देवानं जागा सोडली न्हाय.
मग म्हणाला, चला, मोटारसायकलवर बसा, अक्षता चुकतील. मी म्हटलं, तू हो पुढं. पुढचा भाग चालू आहे, नुसता तेवढाच नेला तरी नवरा-नवरी बसतील. तो दोनदा म्हणाला. मी दोनदा जा म्हटलं.
पुढचा भाग गल्लीच्या तोंडाशी बंद पडला. मी तो ढकलत परत आणला. तसा टाकून जाणं बरं दिसलं नसतं. मग बस. फेटा हातात.
पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. वाढप्यानं विचारलं, कुणाकडचे? मुलीकडचा म्हटलं. पान वाढलं. ऋतिका गेली होती निपाणीला.
कन्यादान ज्योतिबानं केलं. मंगलला विचारलं, थोडं थांबायला काय झालं होतं. ती पातेली मोजत होती. म्हणाली, कुनासाठी थांबायचं? ऋतिकानं गणपतीतच मामाला इचारून ठिवलंतं. त्यानं कालपासनं उपास धरला हुता कन्यादानाचा. तुमाला सांगायचं न्हाय म्हनली, बाबाला वाईट वाटंल.
म्हणजे गाडी येणार नाही, हे तिला गणपतीतच माहीत होतं. त्याचं काही नाही, गाडीचं सगळेच तसं म्हणत होते. पण मामाला कन्यादान सांगितलं, म्हणजे मीपण येणार नाही हे तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं.
आज सकाळी तिचा फोन आला. आवाज ऐकला. गाडी कशी आहे, तिनंच विचारलं. बरी आहे म्हटलं.