बसा ना, हिल्का

३ सप्टेंबर
आले एकदाची वृद्धाश्रमात! माझी लेक मेर्या सामान लावून, दोनदा डोळे पुसून ओउलूला परत गेली. खोली झकास आहे, खिडकीतून तळं दिसतं. एकतीस वर्षं सायकलवरून गावोगाव टपाल वाटलं मी. बर्फावर घसरून मनगट मोडलं म्हणून काही लगेच म्हातारी झाले नाही. पण एकटीनं राहायचं नाही, असं मेर्याचं म्हणणं. असो. दुपारी कॉफी आणि वेलची घातलेला गोड पाव. बैठकीच्या खोलीत भिंतीलगत चौदा आरामखुर्च्या, खोल आणि मऊ. तेरा भरलेल्या, चौदावी माझी. मी कॉफी उभ्यानंच प्यायले. शेजारच्या खुर्चीतला ओइवा, जन्मभर जंगलात लाकूडतोड केलेला माणूस, हसून म्हणाला, "नवी आहेस गं अजून."

९ सप्टेंबर
नाश्त्यानंतर व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. सातव्या फेरीला योन्ना धावत आली. इथली परिचारिका, गोड पोरगी. वसंतात इथली एक बाई पडली, खुबा मोडला आणि त्यातच गेली. तेव्हापासून एकट्यानं चालायचं नाही, सोबत कुणीतरी हवंच. आणि चौदा जणांमागे परिचारिका दोघीच. "थोडं बसा ना, हिल्का, मी आलेच." जेवणापर्यंत बसून राहिले. तिला वेळच मिळाला नाही. तिला तरी काय बोलणार?

२७ सप्टेंबर
ओइवा तीन वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा शनिवारी टँगो नाचायचा म्हणे. आज त्यानं पँट वर करून पोटरी दाखवली. माझा अंगठा आणि एक बोट, एवढ्यात मावली. आजारबिजार काही नाही. पलीकडची सायमी तर शाळेत कसरत शिकवायची. तीही चालतच आली होती. सगळे चालतच आले होते.

१४ ऑक्टोबर
खुर्चीतून उठायला दोनदा जोर लावावा लागतो. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मेर्याला फोनवर सांगितलं, मला इथून ने. ती म्हणाली, आई, तिथे तू सुरक्षित आहेस. किती प्रेमानं म्हणाली.

२ नोव्हेंबर
आज उठताच आलं नाही. दोघींनी काखेत धरून उभं केलं. पाय माझेच, पण कुणीतरी माझ्यापाशी ठेवून विसरून गेल्यासारखे. योन्नानं गालावरून हात फिरवला. कुणीच वाईट नाही इथे. भांडू कुणाशी?

१९ नोव्हेंबर
दुपारी रेडिओवर टँगो लागला आणि ओइवा उठला. एकटा. हात पसरून तीन पावलं टाकली — माझ्याकडे. आधी सायमी बोलली. "बस." मग सगळेच. ओरडून नाही, हळू, एका आवाजात — बस, बस, पडशील, बस. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं.
मीही म्हणाले. माझा आवाज मी ऐकला.
तो बसला.

२३ नोव्हेंबर
ओइवा बोलत नाही. जेवतही नाही. माफी मागितली, त्यानं मान वळवली नाही. का म्हणाले मी? भीती वाटली, तो पडेल याची — नाही. तो पडणार नाही, याची.

२८ नोव्हेंबर
त्याची खुर्ची पुसून ठेवली आहे. सकाळीच गेला. छातीत कफ दाटला, एवढंच सांगितलं.

१ डिसेंबर
दोघी जेवण आणायला गेल्या आहेत. आत्ताच. वही डाव्या हातात. टाच टेकली. एक — नाही. पुन्हा.
गुडघा थरथरतो —
उभी आहे. उभी! भिंतीला टेकून, पण उभी —
बाराही जण बघताहेत. पण ओठ सगळ्यांचे मिटलेले. मग हे बस, बस कोण म्हणतंय — हा आवाज तर माझ्याच तोंडा—